तालीम ते क्लास: मुलाचा खेळ नक्की कोण निवडतं?

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची मेंटेनन्स थकबाकीदारांची यादी दिसेनाशी होते. तिच्यावर रंगीत पत्रकं चिकटलेली असतात. स्केटिंग, कराटे, अबॅकस, बुद्धिबळ, कीबोर्ड, भरतनाट्यम, फुटबॉल, रोबोटिक्स. वयोगट ४ वर्षांपासून पुढे. ठाण्यात घोडबंदर रोडला जा नाहीतर डोंबिवलीत एमआयडीसीत, पत्रकं साधारण तीच, फक्त फीचे आकडे बदलतात. आणि मग घराघरात एक मीटिंग बसते : यंदा पोराला (किंवा पोरीला) काय लावायचं?

'लावायचं' हे क्रियापद बघा. आपण दूध लावतो, पेपर लावतो, डबा लावतो आणि क्लास लावतो. मूल त्या वाक्यात 'ला' प्रत्यय घेऊन गुपचूप बसलेलं असतं :-)

माझी लेक ६ वर्षांची आहे, त्यामुळे ही मीटिंग सध्या आमच्याकडेही चालू आहे. बाबा म्हणतात बुद्धिबळ, सासूबाई म्हणतात कथक, बायको म्हणते आधी पोहायला शिकू दे, आणि लेक दर चार दिवसांनी काहीतरी वेगळंच म्हणते. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. रिक्वायरमेंट गोळा करताना आम्हाला एक सवय लागते. क्लायंट काय मागतोय ते ऐकण्याआधी क्लायंट नक्की आहे कोण ते विचारायचं. इथे क्लायंट कोण? मूल, आईबाप, आजीआजोबा की क्लासवाला? जरा मागे जाऊन वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या भागात हा प्रश्न गेली दोनशे वर्षं सुटतोय, आणि दर पिढीला उत्तर देणारा माणूस वेगळा आहे. तो इतिहास मला तरी आमच्या मीटिंगपेक्षा जास्त उपयोगी वाटला. म्हणून हा वीकएंडचा लेख.

तालीम : निवडणारा गुरू

सुरुवात मल्लखांबापासून करू, कारण तो अस्सल आपला. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. पण आज आपण जो मल्लखांब बघतो त्याची परंपरा सुरू होते पुण्यात, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांपासून. निजामाकडचे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारात आव्हान द्यायला आले, तरुण बाळंभटांनी तयारीला मुदत मागितली, वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली आणि तिथे त्यांना मल्लखांब 'दिसला', अशी आख्यायिका आहे. देवीचा प्रसाद म्हणा, माकडांकडे बघून सुचलं म्हणा. मला त्यात रस वेगळ्या कारणासाठी आहे. मल्लखांब हा मुळात मुख्य खेळ नव्हताच. खेळ होता कुस्तीचा. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब, कुस्तीगिराची पकड, लवचीकपणा आणि दम वाढवण्यासाठीची जोड. म्हणजे एका खेळात पुढे जायचं तर दुसरंही काहीतरी करावं, हे शहाणपण आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी लाकडाच्या खांबाच्या रूपात उभं होतं.

त्या काळात मूल काय शिकणार हे कोण ठरवायचं? घराणं, जात, दरबार आणि तालमीतला वस्ताद. झाशीची राणी लहानपणी ब्रह्मावर्ताला नानासाहेबांच्या बरोबरीने मल्लखांब शिकली अशी परंपरा सांगते, पण ती पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या घरातली मुलगी होती. सर्वसामान्य घरातल्या मुलीला तालमीचं दारही बंद होतं. 'पूर्वी मुलं कशी मोकळी खेळायची' असं आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात मुली किती आणि कुठल्या जातीची मुलं किती, हे एकदा मोजून बघावं.

१९१४ : निवडणारा देश

पुढचा टप्पा माझ्या सगळ्यात आवडीचा. साल १९१४. युरोपात महायुद्ध पेटलं त्याच वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले. कागदावर, नीट. तोपर्यंत खो-खो गावागणिक वेगळा होता, जसा प्रत्येक कंपनीत एकाच सॉफ्टवेअरचा वेगवेगळा पॅच असतो तसा. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्याच्या पुढच्या दशकात, १९२५ ला, दादरला शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर निघालं. औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले. आपल्याकडेही त्या लाटेच्या खुणा आहेत. ठाण्यात चरईतलं श्री मावळी मंडळ जवळपास शंभर वर्षांचं आहे, आणि कल्याणच्या नमस्कार मंडळाचं नावच बोलकं आहे.

या माणसांच्या डोक्यात 'माझ्या मुलाचं टॅलेंट' हा विषय नव्हता. देश गुलाम आहे, पोरं किडकिडीत आहेत, सगळ्यांना बळकट करायचंय, तेही फुकट किंवा चार आण्यात. म्हणून खेळही तसेच. खो-खोला दोन खांब आणि फक्की, कबड्डीला तर तेही नको. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे जाऊन मल्लखांबासारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. चार ओळींत लिहायला सोपं आहे, पण विदर्भातून बोटीने युरोपला जाऊन खेळून दाखवणं म्हणजे त्या काळात काय असेल, विचार करा.

यात निवड होती का? खरं तर नव्हती. मंडळात जे होतं ते मूल खेळायचं. पण एक गोष्ट होती जी आज नाही. रांगेत सगळ्यात मागे उभं असलेलं मूलही त्या योजनेत मोजलेलं होतं, कारण उद्देशच 'सगळे' हा होता. मुलींसाठीही दार हळूहळू किलकिलं झालं. खो-खोची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्याला झाली आणि महिलांची त्याच्या पुढच्याच वर्षी कोल्हापूरला. आज आपल्या जिल्ह्यातले बदलापूरचं शिवभक्त विद्यामंदिर आणि कोपरखैरण्याचं रा. फ. नाईक विद्यालय हे मुलींच्या खो-खोतले दबदब्याचे संघ आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मात्र मला अजून खो-खोचं एकही पत्रक दिसलेलं नाही. ज्यात शूज आणि किट विकता येत नाहीत त्याची जाहिरात कोण करणार?

(मल्लखांबाचंही तसंच. २०१९ साली शिवाजी पार्कला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, २०२४ साली समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली, पण त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं ते २०१३ साली मध्य प्रदेशाने. असो.)

लोकल : निवडणारं टाइमटेबल

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपल्याला पाठ आहे. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत पोचली. या रुळांनी आपल्या गावांचं काय केलं ते आपण रोज अनुभवतोच. खेळाच्या बाबतीत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे बाप सकाळी साडेसातच्या आधी घराबाहेर आणि रात्री आठनंतर आत, त्यामुळे मुलाला संध्याकाळी मैदानावर नेणारं माणूस म्हणजे आई, किंवा कोणीच नाही. आणि दुसरं, मोठं क्रिकेट सगळं दक्षिणेला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. ठाण्यापलीकडच्या मुलाला क्रिकेट खेळायचं म्हणजे आधी लोकलमध्ये चढायला शिकायला हवं.

१९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या ११ वर्षांच्या धाकट्या भावाला शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे घेऊन गेला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्यातला एक बारकावा पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरांसमोर सचिन बुजला, त्याला नीट खेळता येईना. अजितने सरांना विनंती केली की तुम्ही गेल्यासारखं करून लांबून बघा. मग पोरगा खेळला. मोठ्या भावाने 'काय खेळायचं' यापेक्षा 'हा कुठल्या परिस्थितीत खुलतो' हे जास्त ओळखलं होतं. (त्याच वयात सचिनला टेनिसचं आणि मॅकेन्रोचं भलतंच वेड होतं, हेही विसरू नका.)

आता आपल्या डोंबिवलीचा मुलगा. अजिंक्य रहाणे. वडील बेस्टमध्ये नोकरीला, शिक्षण डोंबिवलीच्या स. वा. जोशी शाळेत. मोठ्या अकादमीची फी परवडणारी नव्हती, म्हणून ७ व्या वर्षी वडिलांनी त्याला डोंबिवलीतल्याच एका छोट्या शिबिरात घातलं, मॅटिंगच्या विकेटवर. बरोबरीने कराटे चालू होतं, आणि तेही नावापुरतं नव्हे, १२ व्या वर्षी ब्लॅक बेल्ट. रिक्षाला पैसे नसायचे म्हणून आई धाकट्या भावाला आणि किट बॅगला घेऊन त्याच्याबरोबर मैलोन्‌मैल चालायची, असं त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. आणि लोकलचा किस्सा तर भारीच. पहिल्या दिवशी वडील त्याच्याबरोबर डोंबिवली ते सीएसटी गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू एकटा जा. पोरगा एकटा गेला. वडील त्याच गाडीत मागच्या डब्यात होते, हा नीट जातोय ना ते बघत.

मला विचाराल तर डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला जे शतक झालं (आधीच्याच कसोटीत आपण ३६ ला ऑल आउट, विराट घरी परतलेला), त्याच्या शांतपणाची पहिली ओळ त्या मागच्या डब्यात लिहिली गेली असावी. हा माझा अंदाज, पुरावा नाही :-) पण आईबापांचं काम काय याची इतकी चांगली व्याख्या मला कुठल्या पॅरेंटिंगच्या पुस्तकात मिळालेली नाही. त्याच गाडीत असायचं, पण त्याच डब्यात नाही.

आणि हेही बघा की इथे खेळ 'निवडला' कसा गेला. चालत जाण्याच्या अंतरावर काय आहे आणि किती पैशात आहे, यावरून. ते शिबिर जगातलं सर्वोत्तम नव्हतं. पण ते जवळ होतं, आणि मुलगा तिथे रोज जाऊ शकत होता. प्रवीण आमरेंसारखा प्रशिक्षक नंतर मिळाला, तोवर हा १७ वर्षांचा झाला होता.

कल्याण, जानेवारी २०१६

आता जी गोष्ट सांगणार आहे ती थोडी अवघड आहे.

४ आणि ५ जानेवारी २०१६. कल्याणला वायले नगरच्या मैदानावर भंडारी कप, १६ वर्षांखालच्या मुलांची आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळा विरुद्ध आर्य गुरुकुल. १५ वर्षांचा प्रणव धनावडे, वडील रिक्षा चालवणारे, पहिल्या दिवसअखेर नाबाद ६५२. तिथेच ११६ वर्षांचा जागतिक विक्रम मोडला होता. दुसऱ्या दिवशी नाबाद १००९. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. संघाचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित. समोरचा संघ ३१ आणि ५२. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी.

दोन दिवसांत कॅमेरे, मंत्री, सत्कार. सचिनने स्वतःची सही केलेली बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

स्कोअरकार्डची दुसरी बाजू फार थोड्यांनी वाचली. आर्य गुरुकुलची मोठी मुलं दहावीच्या तयारीत होती, त्यामुळे मैदानात उतरलेली बरीचशी पोरं वयाने लहान होती. एका बाजूची बाउंड्री जवळ होती. झेल सुटत राहिले. यात प्रणवचा काही दोष नाही. त्याने समोर आलेला चेंडू मारला, आणि हजार धावा उभं राहून काढायला प्रचंड दम लागतो. पण दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावणाऱ्या त्या लहान मुलांचा 'ॲक्टिव्हिटी' म्हणून विचार कोणी केला? डाव आधी घोषित करता आला असता. मोठी माणसं तिथे होती. विक्रम दिसायला लागला की मोठ्या माणसांना मुलं दिसेनाशी होतात. कल्याणचीच माणसं तेवढी अशी, असं मुळीच नाही.

पुढे प्रणवचा फॉर्म गेला. मोठ्या वयोगटाच्या संघात निवड झाली नाही. दर सामन्यात लोक हजाराच्या चष्म्यातून बघणार, त्याचं दडपण. २०१७ साली त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं की शिष्यवृत्ती थांबवा, सध्या त्याची कामगिरी तशी होत नाहीये. महिना १०,००० रुपये, रिक्षावर चालणारं घर, आणि स्वतःहून 'नको'. पेपरात ही बातमी आतल्या पानावर आली. मला विचाराल तर १००९ पेक्षा ते पत्र मोठं आहे. त्या पत्राने मुलाच्या डोक्यावरचा हप्ता उतरवला.

ज्याचा विक्रम प्रणवने मोडला तो आर्थर कॉलिन्स. इंग्लंडमध्ये क्लिफ्टनच्या शाळेत, १८९९ च्या जूनमध्ये, १३ वर्षांच्या या मुलाने नाबाद ६२८ केल्या. त्यालाही रातोरात प्रसिद्धी मिळाली. तो पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला, वय २९. लहानपणीची मोठी धावसंख्या पुढच्या आयुष्याचं काहीच कबूल करत नसते. ११६ वर्षं हा विक्रम ज्या दोन मुलांच्या नावावर राहिला आणि गेला, त्या दोघांनीही हेच सांगितलंय.

क्लास : निवडणारा बाजार

गेल्या तीस वर्षांत आपल्याकडे जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या आसपास. मैदानं मोजायला मात्र हाताची बोटं पुरतात. ठाण्यात सेंट्रल मैदान, दादोजी कोंडदेव स्टेडियम, गावदेवी मैदान (त्याच्या पोटात आता पार्किंग आहे). डोंबिवलीत नेहरू मैदान, भागशाळा मैदान, सावळाराम महाराज क्रीडा संकुल. कल्याणात सुभाष मैदान, फडके मैदान. तिथेही सभा, प्रदर्शनं आणि लग्नं उरकून जो वेळ उरेल तो खेळाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या निकषांत शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलंय. तुमच्या शाळेचं बघा एकदा.

मैदान गेलं, आईबाप दोघं नोकरीला लागले, आणि त्या रिकाम्या जागेत क्लास आला. मी क्लासच्या विरोधात मुळीच नाही. क्लासने मुलींना सुरक्षित जागा दिली, ठरलेली वेळ दिली, शिकलेला प्रशिक्षक दिला. महापालिकाही काही चांगलं करतात. ठाणे महापालिकेची सय्यद मोदी बॅडमिंटन योजना आहे, जिथे श्रीकांत वाड सरांनी पिढ्या घडवल्या. पण बाजाराचा एक नियम असतो. त्याला चालू ग्राहक हवा. म्हणून बेल्ट, ग्रेड, सर्टिफिकेट, वार्षिक फी. वर दहावीला खेळाचे २५ पर्यंत जादा गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. या दोन्ही सोयी चांगल्याच आहेत, पण ६ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यांचा हिशोब मांडणारे पालक मी लिफ्टमध्ये ऐकलेत.

आम्हालाही एक अकादमी भेटली (नाव नको). वर्षाची फी आगाऊ, परत मिळणार नाही, आणि 'सिरियस व्हायचं असेल तर बाकी सगळं बंद करा'. वय वर्षं ६. वर तोंडपाठ वाक्य : दहा हजार तास लागतात.

या दहा हजार तासांचा उगम सांगतो. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचा १९९३ चा अभ्यास, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा. सर्वोत्तम गटाचा २० व्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. ती सरासरी होती, नियम नव्हे. २००८ साली माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकाने त्याचा नियम केला आणि आपल्याकडे त्याची फी झाली. उलट अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी द्या, आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून लांब राहू द्या. शरीर वाढत असताना तोच सांधा तोच ताण सोसत राहिला की दुखापती होतात, आणि मन विटतं ते वेगळंच.

'मग जिम्नॅस्टिक्सचं काय? बुद्धिबळाचं काय?' बाबांनी विचारलंच. मुद्दा बरोबर आहे. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात कळस लवकर येतो, तिथे सुरुवात लवकर लागते हे ती संघटनाही मान्य करते. सचिनने तर क्रिकेटसाठी ११-१२ व्या वर्षी शाळा बदलली. पण तोवर पोरगा स्वतः मैदानावरून हलायला तयार नव्हता. शाळा बदलली ती त्याच्या भुकेमुळे. भूक लागावी म्हणून कोणी शाळा बदललेली नाही. हा फरक मोठा आहे.

मग आमचं काय ठरलं

हा सगळा इतिहास आमच्या मीटिंगमध्ये मांडला. बायको म्हणाली, 'पीपीटी करू नकोस म्हणजे झालं.' केली नाही. पण त्यातून चार गोष्टी ठरल्या. तुम्हाला पटल्या तर घ्या.

पहिली, अंतर. रोज चालत किंवा फार तर दहा मिनिटं रिक्षाने जाता येईल असंच निवडायचं. कापूरबावडीचा सिग्नल ओलांडून मिळणाऱ्या उत्तम प्रशिक्षकापेक्षा शेजारचा बरा प्रशिक्षक परवडतो. रहाणेंच्या घरचं गणित तेच होतं.

दुसरी, जोड. एक खेळ अंग हलवणारा, आणि एक हात किंवा गळा किंवा डोकं वापरणारा छंद. त्यापुढे काही नाही. रविवार रिकामा. रिकामा म्हणजे रिकामा, 'वर्कशॉप'सुद्धा नाही. पोहणं या हिशोबात धरलेलं नाही, ते रस्ता ओलांडायला शिकण्यासारखं आहे, ते यायलाच हवं. (बायको जिंकली.)

तिसरी, क्लास बघायला जायचं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलाकडे बघायचं नाही, शेवटच्या रांगेतल्याकडे बघायचं. सर त्याच्याशी बोलतात का? ते हसतंय का? की पाऊण तास फक्त आपल्या पाळीची वाट बघत उभं आहे? १९१४ च्या मंडळींकडून एवढं तरी उचलायला हरकत नाही.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, थांबायचा हक्क. तीन महिन्यांची फी, तीन महिने नियमित जायचं, त्यात रड चालणार नाही. पण तीन महिन्यांनंतर 'नको' म्हणाली तर कारण न मागता थांबायचं. किट, ड्रेस, शूज, सगळं दुसऱ्या तिमाहीत. ज्या क्लासला हे चालत नाही तो क्लास बाद. यावर सासूबाईंनी आक्षेप घेतला : 'अशाने ती कशालाच चिकटणार नाही.' तो धोका आहे, मला मान्य आहे. पण ६ व्या वर्षी सोडलेल्या गोष्टीला पुन्हा धरता येतं. तिरस्कार बसलेल्या गोष्टीला धरणं अवघड असतं.

लेकीने काय निवडलं? मे महिन्याच्या शिबिरात तिला खो-खो सापडला. तो का आवडतो विचारलं तर म्हणाली, 'त्यात बसायला पण मिळतं आणि पळायला पण.' खो-खोचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. हाताला कथक नाही, बुद्धिबळही नाही, चित्रकला. आजी-आजोबांचा सामना बरोबरीत सुटला. सप्टेंबरपर्यंत हे टिकेल की नाही मला माहीत नाही, आणि टिकलंच पाहिजे असंही नाही.

माझ्या ऑफिसातले बरेचजण सध्या याच मीटिंगमधून जातायत. त्यांना मी एवढंच सांगतो. गुरू, देश, टाइमटेबल, बाजार, प्रत्येकाने आपापल्या काळात मुलाच्या वतीने उत्तर दिलं, आणि प्रत्येकाच्या उत्तरात काहीतरी चांगलं होतं. आपल्या पिढीला पहिल्यांदाच मुलाला विचारण्याइतकी सवड आणि पैसा मिळालाय. मग विचारून तरी बघा. आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला जरा मागच्या डब्यात बसा.